सुलतानबी बांगडीवालीची चूक

शिरूरच्या एसटी स्टँडासमोरच्या गल्लीत मुजीबचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकानाला काचेचं दार आहे, आत पंखा आहे, भिंतभर आरसा आहे आणि गिऱ्हाइकाला बसायला मऊ स्टूल आहे. एवढं सगळं असताना मुजीबची आई सुलतानबी साठी उलटली तरी बांगड्यांची पेटी उचलून गावोगाव हिंडते, हे मुजीबला बिलकूल पटत नाही. "अम्मी, लोक मला नावं ठेवतात," असं तो महिन्यातून दोनदा तरी म्हणतो. "ठेवू दे की. नावं ठेवायला पैसे पडत न्हाईत," असं म्हणून सुलतानबी सकाळची न्हावऱ्याकडची गाडी पकडते.

तिची गावं ठरलेली आहेत. भीमा ओलांडून पारगाव, तिथून मिळेल त्या वाहनानं राहू आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या. ही गावं तिला सासूकडून आली. घोडनदीच्या काठची गावं आली नणंदेला, सुफियाला. बांगड्या भरणाऱ्या बायकांत ही वाटणी फार कडक असते. तालुक्याच्या हद्दीवरून एकवेळ तलाठी चुकेल, पण सुफियाच्या गावात सुलतानबी पाऊल टाकणार नाही आणि सुलतानबीच्या गावात सुफिया. लग्नघरानं नाव घेऊन बोलावलं तरी आधी दुसरीला विचारायचं, मग जायचं.

सुलतानबीला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. सगळ्यांना ती 'पोरी' म्हणते, मग ती पोरगी पासष्टीची का असेना. पण हात धरला की तिला सगळं आठवतं. ही दोन-चार मापाची, हिचा अंगठा आखडलेला; ही दोन-सहाची, पण बाळंतपणानंतर वाळली, आता दोन-चारही ढिली होते. हाडं दाबून, बोटं मिटवून काच मनगटावर चढवता चढवता बाईची सासू कशी आहे तेही आपल्याला कळतं, असं ती सांगते. यात थोडी फुशारकी आहे, पण फार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. बायका बांगड्या भरायला बसल्या की पुरुष तिथं थांबत नाहीत. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण चांगला पन्नास एकरांचा बागायतदारही चादर पसरलेली दिसली की खाकरत लांब जाऊन उभा राहतो. त्यामुळं घरात, शेतात, पाणवठ्यावर जे बोलता येत नाही ते त्या चादरीवर बोललं जातं. सुलतानबीनं चाळीस वर्षांत काय काय ऐकलं असेल ते तिचं तिला माहीत. या कानाचं त्या कानाला ती करत नाही. एकदाच तिनं ते मोडलं, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

राहूच्या पलीकडं उसाच्या फडात एक गुऱ्हाळ होतं. मालकाच्या सुनेचे हात भरायला सुलतानबी तिथं जायची. एकदा परतताना तिला आवाराच्या टोकाला पाच बायका दिसल्या. रस काढून उरलेली चिपाडं त्या उन्हात पसरत होत्या. तीच चिपाडं वाळली की गुळाच्या भट्टीत जाळायची. मुकादम तिथंच खाटेवर पडला होता. बांगडीवालीला कोण अडवणार? त्यानं नुसती कूस बदलली.

सगळ्यात पुढची बाई तिशीची होती. तिचं नाव म्हाळसा. सुलतानबीनं तिचा हात हातात घेतला आणि क्षणभर तिला माप घ्यायचंच सुचलं नाही. चिपाडांच्या धारेनं तळवा चिरून चिरून खरखरीत झाला होता, मनगटावर भाजल्याचा लांब डाग होता आणि काचेचा तुकडासुद्धा अंगावर नव्हता.

"नवरा हाय का, पोरी?"

"हाय. त्यो काय, जाळ घालतोय."

"मग हात असा मोकळा का?"

म्हाळसानं खाटेकडं पाहिलं. सुलतानबीनं चादर पसरली, पेटी उघडली आणि मुद्दाम आवाज चढवून म्हणाली, "बसा गं, दाखवते नवा माल. घ्यायचा न्हाई तर बघा तरी." मुकादम उठून चरकाच्या इंजिनाकडं गेला.

घाटापलीकडच्या कातकरी वाडीतली चार कुटुंबं होती ती. म्हाळसाच्या सासूच्या आजारपणात नवऱ्यानं, विनोदनं, मुकादमाकडून उचल घेतली होती. एका हंगामात फिटेल म्हणून आले, त्याला दोन वर्षं झाली होती. फिटण्याचं नाव नव्हतं, दर वेळी आकडा वाढलेलाच असायचा. फोन काढून घेतले होते. ज्या सासूसाठी उचल घेतली ती वाडीत वारली, तरी मातीला जाऊ दिलं नाही. विनोद एकदा चालत निघाला होता, त्याला केडगाव स्टेशनवरून परत आणला. हे सगळं म्हाळसानं खाली मान घालून, लाल बांगड्या की पिवळ्या असं ठरवत असल्यासारखं सांगितलं. म्हाळसाची नऊ वर्षांची अनिता शेजारी बसून बांगडीतून आभाळाकडं बघत होती.

सुलतानबीला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गौतमीकडं गेली.

गौतमी शिरूरच्याच बौद्धवाड्यातली. वेठबिगारीत अडकलेल्या माणसांना सोडवणारी एक छोटी संस्था आहे. पिठाच्या गिरणीच्या वर तिच्या दोन खोल्या आहेत आणि गौतमी तिथं काम करते. तिच्या लग्नात तिचे हात सुलतानबीनंच भरले होते. गौतमीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि वही काढली.

"मावशी, ही वेठबिगारीच हाय. कायद्यानं असली उचल फेडावी लागत न्हाई, माणूस मोकळा होतो. पण तहसीलदारांपुढं नुसतं 'पाच बाया' म्हणून चालायचं न्हाई. नावं लागतील. गाव, कवापासून हायेत, पोरं किती, सगळं."

"नावं?" सुलतानबी हबकली. "हात सांगते की मी."

पण तिनं ते केलं. पुढच्या तीन फेऱ्यांत तिनं चौदा माणसांची नावं गोळा केली. गाडीत बसल्यावर एकेक बोट दाबत ती नावं पुटपुटत यायची. शेजारच्या बाईला वाटायचं, म्हातारी तसबीहची माळ विसरून आली आणि बोटांवर जप करतेय. गौतमीनं अर्ज केला, दौंडला चार खेपा घातल्या आणि अखेर तारीख मिळाली. सोमवारी सकाळी पथक गुऱ्हाळावर जाणार होतं.

"कुणाला बोलायचं न्हाई," गौतमीनं बजावलं. "बायकांनासुद्धा नुसतं 'तयार राहा' एवढंच सांगा."

रविवारी सुलतानबी गुऱ्हाळावर गेली. चादर पसरली. म्हाळसाच्या कानात पुटपुटली, "उद्या." एवढ्यावर उठली असती तर काम झालं होतं. पण तिच्या समोर दहा उघडी मनगटं होती, आणि त्या बायका उद्या आपल्या घरी निघणार होत्या. चाळीस वर्षांत घरी निघालेल्या बाईला सुलतानबीनं मोकळ्या हातानं जाऊ दिलं नव्हतं. तिचे हात आपोआप पेटीकडं गेले. पाचही जणींच्या दोन्ही हातांत तिनं हिरवा चुडा भरला, एकेका हातात डझन डझन. तिची पद्धत होती, दोन साध्या आणि मग एक नक्षीची. बायकांनी पैशाचं विचारलं तेव्हा तिनं जिभेनं टच् केलं. त्या हसल्या. सुलतानबीनं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. ती घरी आली ती अशी खुशीत की मुजीबला वाटलं, कुठं मोठं लग्नच मिळालं.

मुकादम काही दुधखुळा नव्हता. सण नाही, लग्न नाही, हातात दमडी नाही, आणि पाच बायकांचे हात मनगटाच्या वरपर्यंत हिरवे. कामावर राहणारी बाई असा चुडा कशाला भरेल? दिवस मावळायच्या आत गुऱ्हाळावर टेम्पो लागला होता.

सोमवारी गौतमी आणि सुलतानबीला घेऊन पथक पोचलं तेव्हा काहिलीत रस उकळत होता आणि भलतीच माणसं जाळ घालत होती. मालकानं साहेबांना ताजा गूळ दिला. "कातकरी? आमच्याकडं तसलं कोण न्हाई बुवा." साहेबांनी खोप्या पाहिल्या. चुली विझलेल्या होत्या आणि खोप्या झाडूनपुसून रिकाम्या. गौतमी वही हातात धरून एकेका खोपीत पुन्हा डोकावून आली. निघताना मालक सुलतानबीजवळ आला आणि हसून म्हणाला, "मावशी, काल फुकट चुडे भरलेत म्हणं आमच्या बायांना. कसला सण होता?"

तेव्हा कुठं सुलतानबीला उमगलं. तोवर तिला वाटत होतं, कुणीतरी फितूर झालं.

परतीच्या वाटेवर, न्हावऱ्याजवळ, गौतमी म्हणाली, "मावशी, मी कुणाला सांगू नका म्हणले होते."

"मी कुठं कुणाला सांगितलं गं?" असं सुलतानबी म्हणाली आणि भर गाडीत मोठ्यानं रडायला लागली.

त्यानंतर ती गावाला गेली नाही. मुजीबच्या दुकानात, पंख्याखाली, त्या मऊ स्टुलावर दिवसभर बसून राहिली. मुजीबची इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली आणि तो घाबरला. आईनं दोनदा गिऱ्हाइकाला चुकीचं माप दिलं, एकदा तर तीन बांगड्या लागोपाठ पिचवल्या. "अम्मी, जाऊन ये की राहूला," असं तोच म्हणायला लागला. "कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच ती म्हणायची. कुणी तिला बोल लावला नव्हता, गौतमीनंसुद्धा परत विषय काढला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. रोज नमाजानंतर ती ती चौदा नावं घ्यायची. आता ती तिला विसरू म्हटलं तरी विसरता येत नव्हती.

सतराव्या दिवशी सुफिया तरातरा दुकानात शिरली. घरात या दोघी दखनी उर्दू बोलत, पण भांडायचं म्हटलं की सुफिया मराठीवर यायची.

"भाभी, तुमी माज्या गावात शिरला!"

"मी? मी तर दुकानातनं हलले न्हाई."

"खोटं बोलू नका. इनामगावच्या अलीकडं नदीकाठाला वीटभट्टी हाय. माजी भट्टी! तिथं नव्या बाया आल्यात, पाच जणी. पेटी घेऊन गेले तर पाचींच्या हातात हिरवा चुडा. दोन साध्या, एक नक्षीची, दोन साध्या, एक नक्षीची. अशा कोण भरतं? मला आंधळी समजता व्हय?"

सुलतानबी उठली, तिनं सुफियाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला. सुफियाचं भांडण जागच्या जागी थंड झालं. भावजयीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच तिला वाटलं असणार.

गौतमीला सगळं नव्यानं करावं लागलं. भट्टी शिरूर तालुक्यात, म्हणजे दौंडचा अर्ज फुकट. नवा अर्ज, नवं कार्यालय, नव्या खेपा. या वेळी तिनं सुलतानबीला तारीख सांगितली नाही. सुलतानबीनंही विचारली नाही. एक दिवस सकाळी गौतमीची गाडी दारात उभी राहिली आणि ती म्हणाली, "मावशी, पेटी घ्या."

"मी नको गं. माझा पाय बरा न्हाई तिथं."

"पाय नकोय, पेटी हवीय. बसा."

नदीकाठाला, जिथं जुन्या वस्तीची टेकाडं बघायला कॉलेजची पोरं बस करून येतात तिथून थोड्या अंतरावर ती भट्टी होती. भट्टीचा मालक राहूच्या मालकाचा पाहुणाच. नायब तहसीलदार बाई तरुण होत्या, नोकरीला वर्षच झालं होतं. मालकानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि हाताची घडी घालून बाईंच्या खुर्चीमागं उभा राहिला. समोर कातकरी रांगेत उभे. विनोदचा उजवा हात मनगटापासून सुजला होता.

"तुम्हाला इथं कुणी कोंडून ठेवलंय का?"

"न्हाई बाई. राजीखुशीनं हाय." विनोद त्यांच्या डोक्यावरून मालकाकडं बघत होता.

बाईंनी मालकाला लांब जायला सांगितलं. तो चार पावलं सरकला, मुकादम दोन. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. म्हाळसानं तर मानसुद्धा वर केली नाही. बाईंना दिसत होतं सगळं, पण माणसं जे सांगतील तेच कागदावर येणार. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि गौतमीकडं पाहिलं.

गौतमीनं सुलतानबीला कोपरानं ढोसलं. सुलतानबीचा पाय बरा नसला, तरी चादर पसरायला पाय लागत नाहीत. बाभळीच्या सावलीत तिनं चादर अंथरली, पेटी उघडली आणि हाक मारली, "बाई, हात मोकळे दिसतायत तुमचे. या, बसा."

नायब तहसीलदार बाईंना कल्पना होती की नव्हती, हे त्यांनी पुढंही कधी सांगितलं नाही. पण त्या खुर्चीवरून उठल्या, चपला काढल्या आणि चादरीवर येऊन बसल्या. आणि मग जे चाळीस वर्षं होत आलं होतं तेच झालं. हवालदार खाकरून विटांच्या थराआड गेला. मुकादम गेला. मालक फोन कानाला लावून चालत पार भट्टीच्या टोकाला गेला, आणि तिथं पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण उगाच लांब आलो. पण बायका बांगड्या भरत बसलेल्या, त्यात परत कुठल्या तोंडानं यायचं? तो तिथंच मान उंच करून बघत राहिला.

सुलतानबीनं बाईंचा हात धरला, दोन बांगड्या चढवल्या आणि म्हाळसाला हाक मारली. "ये पोरी."

म्हाळसा आली. उभ्या उभ्याच ती सुलतानबीला बोलायला लागली.

"आता कशाला आलात? अजून कुणाचा घात करायचा राहिलाय? मी म्हणले होते का बांगड्या भरा? हे बघून त्यांनी वळखलं. जनावरावानी टेम्पोत कोंबलं, वरून ताडपत्री घातली. माझ्या नवऱ्याचा हात बघा, इटंनी ठेचलाय. पंचवीस दिस झालं हितं, झोपडीला भाईरनं कडी लावत्यात. आन् माझी अनिता न्हाई माझ्याकडं. तिला ठेवून घेतलीय राहूच्या घरात, भांडी घासायला. तोंड उघडलं तर पोरगी दिसायची न्हाई म्हणलेत. तुमच्या बांगड्यांनी माझी पोरगी गेली!"

बोलता बोलता तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. नायब तहसीलदार बाईंचा हात अजून सुलतानबीच्या हातात होता. त्या हळू आवाजात गौतमीला म्हणाल्या, "लिहा." मग म्हाळसाला विचारलं, "पोरगी कुठल्या घरात आहे?"

"चुकलं माझं," सुलतानबी म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मुजीबनंही कधी ऐकले नव्हते. म्हाळसा बाईंकडं वळली आणि घर कुठलं ते सांगायला लागली.

बाईंनी दौंडला फोन लावला. "पोरगी इथं येईपर्यंत एकही कागद पुढं सरकणार नाही," असं त्यांनी मालकाला सांगितलं आणि त्याच्या खुर्चीत न बसता चादरीवरच बसून राहिल्या. तीन वाजता सरकारी जीप आली. अनिता उतरली, तिच्या हातांना भांड्यांच्या राखेचा वास येत होता. म्हाळसानं तिला पोटाशी धरलं ते जीप वळून गेली तरी सोडलं नाही. त्यानंतर एकेक करत चौदा माणसांनी जबाब दिले, आणि या वेळी विनोद कुणाच्या डोक्यावरून कुठं बघत नव्हता.

पंधरा दिवसांनी प्रांतसाहेबांच्या सहीचे मुक्तीचे दाखले मिळाले. मालकांवरची केस अजून चालू आहे, तारखा पडतात, गौतमी जाते. तीन कुटुंबं वाडीला परतली. म्हाळसा आणि विनोद मात्र म्हणाले की वाडीत मुकादम पुन्हा येणार, इथंच राहू. सुलतानबीनं मागची खोली रिकामी करून दिली. मुजीबनं तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी तोच खोलीत बल्ब लावून आला.

सुटका एका दिवसात झाली, पण पुढचे दिवस फार सावकाश गेले. विनोद पहाटे अंघोळ करून दारात उभा राहायचा. कशाला, ते त्याचं त्यालाच माहीत नसायचं. कुणीतरी काम सांगेल म्हणून वाट बघायचा. मुजीबनं एकदा चहा आणायला सांगितला तर हा पळत गेला आणि पळत आला. मुजीबला इतकी लाज वाटली की तो म्हणाला, "विनोदभाऊ, पळू नका हो. चहा हाय, ॲम्बुलन्स न्हाई." म्हाळसा प्रत्येक गोष्टीला विचारायची. नळावर जाऊ का, पोरीला शाळेत सोडू का, जरा आडवी होऊ का. "मला काय विचारतीस?" असं सुलतानबी खेकसायची आणि मागं वळून डोळे पुसायची.

सुलतानबीला आतून आणखी एक गोष्ट खात होती. तो हिरवा चुडा हळूहळू पिचत गेला. म्हाळसाचे हात पुन्हा मोकळे झाले. बांगडीवालीच्या घरात राहून म्हाळसानं कधी हात पुढं केला नाही, आणि सुलतानबीला विचारायचा धीर झाला नाही. आपल्याला माफी मिळालेली नाही, असंच ती धरून चालली होती.

गौतमीनं कागदांचा पिच्छा पुरवला. जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेतलं खातं. विनोदला पाण्याचं काम येत होतं, लहानपणापासून ओढ्यात, धरणात मासे धरलेले. पुनर्वसनाचे पैसे आले तेव्हा त्यानं जाळी घेतली आणि मच्छीमारांच्या सोसायटीतून घोड धरणात उतरायला लागला. हात वाकडाच राहिला, पण जाळं फेकायला जमतं. म्हाळसा टोपलं घेऊन शिरूरच्या बाजारात बसायला लागली. पहिल्या दिवशी तिनं आणलेली सगळी चिलापी पहिल्याच बाईनं मागितली त्या भावात देऊन टाकली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी धरणाच्या बाजूला भाड्याची खोली घेतली आणि सुलतानबीची मागची खोली रिकामी झाली. वाडीला परतलेल्यांतल्या दोन बायकाही पुढं नवऱ्यांसह तिकडंच आल्या.

याला दीड वर्ष झालं. सुलतानबी पुन्हा राहूला जाते. ते गुऱ्हाळ सोडून बाकी सगळीकडं जाते.

गेल्या आखाडात, महिन्याच्या शेवटच्या बाजाराला, तिनं मनाचा हिय्या केला. आठवड्यावर नागपंचमी होती. पंचमीला नव्या बांगड्या न भरणारी बाई तिनं पाहिली नव्हती. तिनं पेटीत हिरवा माल सोडून बाकी सगळे रंग भरले आणि मासळीच्या ओळीकडं निघाली. म्हाळसा काहीही बोलो, शिव्या देवो, पण आज तिला विचारायचंच, असं ती स्वतःला बजावत होती.

आखाडाचा शेवटचा बाजार म्हणजे काय सांगावं! श्रावण लागायच्या आत सगळ्या तालुक्याला मासे खायचे असतात. म्हाळसाच्या टोपल्यांभोवती ही गर्दी. ताडपत्रीवर चिलापी, रोहू, एका बाजूला पाण्याच्या टबात जिवंत मरळ. म्हाळसा उकिडवी बसून खटाखट मासे कापत होती, तोंडानं भाव सांगत होती आणि एका जाड्या गृहस्थाला सुनावत होती, "बोट लावू नका, घ्यायचा तर घ्या." सुलतानबी गर्दीत शिरून पार टोपल्यापर्यंत पोचली. पेटी जमिनीवर टेकवली.

"म्हाळसा," ती म्हणाली. पोरी नाही, म्हाळसा. "पंचमी आली. हात भरतीस का?"

म्हाळसानं वर पाहिलं. हातातला कोयता थांबला नाही.

"आज न्हाई जमायचं, मावशी. बघताय न्हवं? मंगळवारी घरी या माझ्या. आम्हा तिघींचे हात भरायचेत आन् अनिताचे. हिरव्याच आणा, नक्षीच्या घालून. आन् फुकट भरल्या तर दारात उभी करायची न्हाई."

सुलतानबी तिथंच उभी राहिली. चाळीस वर्षांत तिला पेटीसकट कुणी असं परत पाठवलं नव्हतं. पाणी पिऊ का म्हणून विचारणारी ही बाई आज तिला वार सांगत होती, घर सांगत होती, रंग सांगत होती. तिला हसू आलं, डोळे भरून आले. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"मावशी," म्हाळसा म्हणाली, "जरा बाजूला सरा. गिऱ्हाईक उभं हाय."

सुलतानबीनं पेटी उचलली आणि ती बाजूला सरली.